बर्फाचं काम

बसा असे जवळ, दिव्याची वात जरा वर करा, आणि आधी मला सांगा, लांबून नुसतं बघून झाडाचं वय कसं ओळखाल? आपल्याकडे माणूस आधी बुंध्याकडे जातो, किती जणांच्या कवेत मावेल याचा अंदाज घेतो, वड असला तर पारंब्या बघतो, आणि मग गावातला एखादा जाणता म्हणतो की माझ्या आजाच्या वेळीही हे एवढंच होतं, तिथं तो हिशेब संपतो. पण दूर उत्तरेकडे, जिथं वर्षातले कितीतरी महिने जमीन बर्फाखाली असते, तिथं स्प्रूस नावाचं एक झाड आहे, आणि त्याचं वय फांद्यांच्या उतारावरून, चार शेतं पलीकडूनही सांगता येतं. कोवळ्या स्प्रूसच्या फांद्या खोडातून निघाल्या की वरच्या अंगाला चालतात, मधल्या वयात आडव्या होतात, आणि जुन्या झाडाच्या फांद्या थेट खोडापासूनच खाली उतरतात नि टोकाशी आल्यावर पुन्हा जराशा वर बघतात. मधल्या शे-दीडशे हिवाळ्यांत त्यांच्यावर मणामणानं बर्फ बसलेला असतो, त्या स्वतःही जड झालेल्या असतात, आणि ओझ्याखाली वाकत वाकत त्यांनी तोच उतार कायमचा घेतलेला असतो. आता नवल असं, की जपानात काही माणसं हे बर्फाचं काम पिढ्यान् पिढ्या हातानं करत आली आहेत. हातभर उंचीचं कोवळं रोप घ्यायचं, फांद्या तारेनं खाली वळवायच्या, मुळं उथळ कुंडीत बसवायची, आणि वीस-पंचवीस वर्षांच्या त्या झाडाकडे बघून येणाऱ्यानं म्हणायचं, हे दोन शतकं कुठल्यातरी कड्यावर उभं असणार.

स्प्रूस तुम्ही बघितलाच नाही असं समजू नका. युरोपात नाताळला घरात जे झाड सजवतात, ते पुष्कळदा स्प्रूसच असतं. आपल्या पुण्या-मुंबईच्या नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतं ते मात्र अरोकेरिया, दक्षिण गोलार्धातलं, उबदार हवेत सुखानं वाढणारं, निराळ्याच घराण्यातलं. खऱ्या स्प्रूसला थंडी लागते, नुसती सहन होते असं नव्हे, लागतेच, कारण हिवाळ्याची झोप पुरी झाल्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. कडाक्याच्या थंडीत तो आपल्या पेशींमधलं पाणी हळूहळू बाहेरच्या फटींमध्ये जाऊ देतो, आणि तिथं त्याचा बर्फ झाला तरी पेशी फुटत नाही. या युक्तीवर सैबेरियातले स्प्रूस शून्याखाली पन्नास अंशांतही उभे राहतात. त्याची पानं म्हणजे सुया, आणि प्रत्येक सुई काडीवरच्या एका बारीकशा खुंटीवर बसलेली असते, सुई गळाली तरी खुंटी मागं राहते, म्हणून जुनी काडी बोटांना खरखरीत लागते.

आपल्या गोष्टीतला स्प्रूस आहे जपानच्या अगदी उत्तरेचा, होक्काइदो बेटावरचा आणि त्याच्याही पलीकडच्या कुनाशिरी बेटावरचा, जे 1945 पासून रशियाच्या ताब्यात आहे. उथळ कुंडीत अशी झाडं घडवणारे, म्हणजे बॉन्सायवाले, त्याला नुसतं एझोमात्सु म्हणतात, आणि बहुतेक वेळा त्यांच्या मनात असतं ते तांबूस सालीचं, आखूड सुयांचं आका-एझोमात्सु. चांगल्या जमिनीत हे झाड तीस-चाळीस मीटर उंच जातं, पण दलदलीत पडलं तर त्याची दशा बघण्यासारखी होते. तिथं खायला फारसं काही नसतं, मुळांना हवा नसते, उन्हाळा चार दिवसांचा, आणि भोवतालचं शेवाळ दरवर्षी थोडं थोडं वर चढून बुंध्यालाच पुरायला लागतं. शहाणं झाड काय करतं, तर पुरलेल्या भागातून, खालच्या फांद्यांतूनसुद्धा, नवी मुळं सोडतं आणि एक पायरी वर सरकतं. असं झाड शंभरी गाठूनही माणसाच्या कमरेएवढंच राहू शकतं.

फांदीला मुळं फुटण्याच्या या गुणावरून एक गोष्ट आठवली, ती सांगून टाकतो, मग कुंडीकडे येऊ. स्वीडनमध्ये फुलुफ्येलेत नावाच्या डोंगरावर एक स्प्रूस आहे, जेमतेम पाच मीटर उंचीचा, जवळून जाणारा माणूस दुसऱ्यांदा बघणारही नाही असा. लेफ कुलमन नावाच्या शास्त्रज्ञानं त्याच्या खालचं जुनं लाकूड तपासायला पाठवलं, आणि 2008 साली जाहीर झालं की ते साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं आहे. वरचं खोड काही तेवढं जुनं नाही, ते काही शतकांचं असेल. पण एक खोड मेलं की त्याच मुळावर दुसरं उठायचं, बर्फानं खालची फांदी जमिनीला टेकवली की तिथंच तिला मुळं फुटायची, असं करत करत हे एकच झाड हिमयुग सरल्यापासून आजवर टिकलं. माणसानं अजून गव्हाची धड लागवडसुद्धा सगळीकडे पोचवली नव्हती, तेव्हाचं हे झाड. कुलमननं त्याला नाव दिलं ‘ओल्ड ट्यिक्को’, आणि ट्यिक्को हे त्याच्या लाडक्या कुत्र्याचं नाव!

तर, आता ओमियाला जाऊ. 1 सप्टेंबर 1923 ला तोक्यो भागात मोठा भूकंप झाला, आगी लागल्या, शहर होरपळलं, आणि तिथल्या बॉन्साय वाढवणाऱ्या काही कुटुंबांनी ठरवलं की आता झाडांना मोकळी जागा, स्वच्छ पाणी नि चांगली माती मिळेल अशा ठिकाणी बिऱ्हाड हलवायचं. तोक्योच्या उत्तरेला ओमिया इथं 1925 साली त्यांनी वस्ती केली, आणि 1928 च्या सुमाराला आपसात जे नियम ठरवले ते मला फार आवडतात: इथं राहणाऱ्याकडे निदान दहा बॉन्साय असले पाहिजेत, घर दुमजली बांधायचं नाही, कुंपण भिंतीचं न घालता झाडाझुडपाचं घालायचं, आणि दार येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडं ठेवायचं. शेजाऱ्याच्या कुंडीवर आपल्या माडीची सावली पडू नये म्हणून माडीच न बांधणारी माणसं, विचार करा! त्या वस्तीत मान्सेई-एन नावाची बाग आहे. तिथल्या काटो तोमेकिचींनी उत्तरेकडच्या या स्प्रूसचं सोनं ओळखलं, आणि त्यांचे चिरंजीव काटो साबुरो यांनी पुढं एझोमात्सुची अख्खी रानं उथळ तबकांत नि दगडांच्या फरशांवर उभी केली, अशी की डोळे तबकाच्या पातळीला नेले तर पलीकडे पायवाट असेल असं वाटावं. साबुरो 1915 ला जन्मले आणि 2008 ला गेले, म्हणजे जवळजवळ शतकभर हा माणूस झाडांजवळच होता.

आता समजा, तुमच्यापुढं एक कोवळा स्प्रूस ठेवलाय, हातभर उंच, दाट, खालपासून वरपर्यंत भरलेला. जाणता माणूस पहिल्या दिवशी कात्री उचलत नाही. तो आधी बोटांनी बुंध्याजवळची माती उकरतो, मुळं कुठून फाकतात ते बघतो, झाड सगळ्या बाजूंनी फिरवतो, आणि ज्या बाजूनं मुळांचा पसारा भक्कम दिसतो ती पुढची बाजू धरतो. मग छाटणी. स्प्रूसच्या फांद्या एकाच पातळीवर चार-पाच अशा गोलात निघतात, आणि सगळ्या ठेवल्या तर तिथं खोड फुगून गाठ धरतं, म्हणून एका गोलातली एखादीच फांदी ठेवायची. काही वेळा तोडलेल्या फांदीचा बोटभर खुंट मुद्दाम राखतात, त्याची साल सोलतात, आणि विजेनं किंवा वाऱ्यानं मोडलेल्या वाळक्या फांदीचं रूप त्याला देतात. असल्या खुंटाला ते जिन म्हणतात.

पुष्कळदा वरचा सरळसोट शेंडाही काढून टाकतात, आणि तिथं जे घडतं ते मला कितीही वेळा सांगायला कंटाळा येत नाही. शेंडा हा झाडाचा कारभारी. तो जिवंत असतो तोवर वरून खाली एक रस, ऑक्झिन नावाचा, पाठवत राहतो, आणि त्या हुकमाखाली बाजूच्या फांद्या बाजूलाच राहतात. कारभारी गेला की हुकूम थांबतो, आणि खालच्या गोलातली एखादी फांदी, जी इतकी वर्षं निमूट आडवी होती, ती उठायला लागते, महिन्यामहिन्यानं वर वर वळते, आणि दोन-चार वर्षांत तीच शेंडा होऊन बसते. कधी दोघी-तिघी एकदम उठतात आणि झाडाला दोन शेंडे होतात. बॉन्सायवाला मात्र त्यातली एक निवडून तारेनं उभी करतो, बाकीच्यांना खाली बांधतो, आणि भांडण मिटवतो. आपल्याकडे हरभऱ्याचे शेंडे खुडतात तेही याच कायद्यावर. बायाबापड्या सकाळच्या दवात रानात जायच्या, कोवळे शेंडे खुडून भाजीला आणायच्या, हाताला आंब लागलेली असायची, पोरं ती चाटायची; आणि तिकडे खुडलेल्या प्रत्येक रोपाला बाजूनं फुटवे यायचे नि घाटे वाढायचे. होक्काइदोचा स्प्रूस आणि आपला हरभरा, दोघांनाही तोच रस आवरतो.

पण फांदी उठते तरी कशी? तिला ना स्नायू, ना सांधा. तर झाडाच्या काही पेशींत पिठाचे जड कण असतात, ते नेहमी पेशीच्या तळाशी जाऊन बसतात, आणि कण कुठं बसलेत त्यावरून पेशीला खाली कुठं नि वर कुठं ते कळतं. फांदी तिच्या ठरलेल्या उतारापासून ढळली, की स्प्रूस तिच्या खालच्या अंगाला निराळंच लाकूड घालायला लागतो, तांबूस, टणक, आणि लांबीत ताणू बघणारं. ते लाकूड खालून रेटतं आणि फांदी वर उचलली जाते. झाड लाकूड वाढवून हलतं, आणि त्याची एक हालचाल पुरी व्हायला कित्येक ऋतू लागतात, म्हणून आपल्याला ती दिसत नाही एवढंच. रुंद पानांची झाडं याच्या नेमकी उलट रीत वापरतात, ती वरच्या अंगाला ओढणारं लाकूड घालतात आणि फांदी वरून खेचून धरतात. वडाच्या कुळातल्या झाडांची पारंबी जमिनीत रुजली की थोडी आखडून ताठ होते, तेही असल्याच ओढणाऱ्या लाकडाच्या जोरावर. पुढच्या खेपेला रुजलेली पारंबी हाताशी आली तर दाबून बघा, किती ताणलेली असते ती.

आता तार बांधणाऱ्याची पंचाईत लक्षात आली? त्यानं फांदी खाली वळवली, की स्प्रूस त्याच दिवसापासून तिला पुन्हा उचलायची तयारी करतो. म्हणून या कामाला चांगली तांब्याची तार लागते, आणि ती आधी भाताच्या पेंढ्याच्या मंद आगीत तापवून मऊ करायची जुनी रीत आहे. तापलेलं तांबं सुतळीइतक्या सहज वळतं, पण वळवलं की त्या वळणानंच कठीण होतं आणि धरलेला आकार सोडत नाही. एकाच तारेनं दोन शेजारच्या फांद्या गुंडाळतात, म्हणजे एकीचा आधार दुसरीला होतो. खोडाजवळच आधी वळण द्यायचं, कारण जुन्या झाडाची फांदी तिथूनच उतरते. मध्येच वाकवली तर झाड जुनं दिसत नाही, मोडलेलं दिसतं. मग वर्षभर डोळ्यांत तेल घालून बघायचं, खोड फुगून तार सालीत रुतायला लागली की कापून काढायची, तेव्हा फांदी हटकून थोडी वर येते, मग पुन्हा नवी तार, पुन्हा वर्ष, असं पाच-सात वर्षं चालतं. बाभळीसारखी हट्टी झाडं पुष्कळ आहेत, पण आपलं वळण इतकं लक्षात ठेवणारं झाड विरळा. अखेरीस मात्र नव्या लाकडाचे थरावर थर चढतात आणि नवा उतार झाडाचा स्वतःचा होतो. डोंगरावरचा बर्फसुद्धा याच कारणानं दर हिवाळ्याला परत परत यावा लागतो.

वसंतात आणखी एक नाजूक काम असतं. डोळ्यांवर तपकिरी, कागदासारखी पातळ टोपी असते, ती उडते आणि आतून पोपटी, लुसलुशीत फुटवा निघतो. तो बोटाच्या एका पेराएवढा झाला की अर्धा खुडायचा, आणि खुडायचा तो बोटांनीच, कारण कात्रीनं सुया कापल्या जातात आणि त्यांची टोकं करपतात. सगळे फुटवे एका दिवशी येत नाहीत, म्हणून हा माणूस दोन-तीन आठवडे रोज सकाळी झाडापुढं उभा असतो, आज हे चार, उद्या ते सहा. या खुडण्यातूनच फांदीवर बारीक काड्यांची दाट पाती तयार होते.

कुंडी बदलायची ती मार्चच्या सुमाराला, डोळे फुगायला लागलेले असतात पण फुटलेले नसतात तेव्हा. आणि ज्या वर्षी वरून भारी छाटणी केली त्या वर्षी मुळांना हात लावायचा नाही, हा दंडक कोवळ्या झाडाला तर कसोशीनं पाळावा. काडीनं हलके हलके जुनी माती सुटी करत गेलं की मुळांच्या टोकांशी पांढरी जाळी दिसते आणि तिला पावसाळी अळंब्यांचा वास येतो. नवखा माणूस घाबरतो, कीड लागली म्हणून धुऊन काढायला बघतो. पण ती बुरशी स्प्रूसची भागीदार आहे. तिचे धागे मुळांना पोचता येणार नाही अशा फटींतून पाणी नि क्षार आणतात, आणि झाड त्या बदल्यात तिला आपल्या पानांत शिजवलेली साखर देतं. म्हणून मुळं पार धुवायची नाहीत, जुन्या मातीतली ओंजळभर नव्या कुंडीत घालायची. लांब, जाड मुळं आखडायची, बारीक जपायची, आणि एकंदरीत तिसऱ्या हिश्शापलीकडे जायचं नाही. छाटलेल्या मुळाच्या टोकापासून नवी तंतुमुळं फुटतात, आणि पाणी पितात ती तीच.

मातीची गोष्ट तर आणखी नवलाची. तुम्हाला वाटेल उथळ कुंडीतलं पाणी पटकन निथळत असेल. आज भांडी घासायचा स्पंज घ्या, चिंब भिजवा आणि आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा धरा, आणि बघा, पुन्हा पाणी गळायला लागेल. पाणी तेवढंच, स्पंज तोच, पण उंची वाढली की वजनानं पाणी खाली सुटतं. कुंडीच्या तळाशीही असाच एक ओला थर राहतो, त्याची जाडी मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. म्हणून खोल कुंडीत तो थर तळाला राहतो आणि उथळ कुंडीत तो मुळांच्या गळ्याशी येतो. यावर उपाय एकच, कण मोठे घ्यायचे. जपानात त्यासाठी आकादामा वापरतात, ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली तांबूस माती, खणून, वाळवून, चाळून गहू-ज्वारीच्या दाण्याएवढी केलेली, तिच्यात हलका सच्छिद्र दगड मिसळलेला. आपली काळी रानंही ज्वालामुखीच्याच दगडातून आली आहेत, पण ती माती ओली झाली की फुगून घट्ट मिटते, कपाशीला छान, उथळ कुंडीतल्या स्प्रूसला घातक. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे ओलही आहे आणि हवाही आहे, तो वाफसा त्या चार बोटं खोल कुंडीत बाराही महिने टिकवायचा असतो, आणि माझ्या मते बॉन्सायची निम्मी विद्या तारेत नसून इथंच आहे.

झाड कुंडीत बसवलं की तळाच्या भोकांतून आणलेल्या तारेनं ते मुळांशीच आवळून बांधतात, कारण वाऱ्यानं झाड हललं की नुकती फुटलेली मुळांची टोकं तुटतात. मग बांबूच्या काडीनं माती टोचत टोचत मुळांमधल्या पोकळ्या भरायच्या, तळातून गढूळ जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्यायचं, आणि काही आठवडे वाऱ्याच्या आडोशाला, तिरिपीच्या उन्हात ठेवायचं.

पुष्कळांना वाटतं की हे झाड जन्मानंच खुजं असेल, किंवा उपाशी ठेवून खुजं केलं असेल. दोन्ही खोटं. त्याला बी धरलं आणि ते रानात पेरलं तर त्याचं चाळीस मीटरचं झाड होईल. जन्मानं खुजे स्प्रूसही असतात, पण त्यांची कथा निराळी: 1904 साली कॅनडात अल्बर्टा प्रांतात लॅगन या ठिकाणी अल्फ्रेड रेडर आणि जॉन जॅक नावाचे दोन वनस्पतिशास्त्रज्ञ लांबलेल्या आगगाडीची वाट बघत होते म्हणे, आणि इकडेतिकडे फिरताना त्यांना विचित्र दाट, गोजिरवाणी रोपं सापडली. जगभर नर्सरीत विकला जाणारा बुटका अल्बर्टा स्प्रूस त्या रोपांपासून आला. त्याच्यावर कधीमधी एखादी फांदी अचानक घराण्याची मूळ चाल आठवून भराभरा मोठी व्हायला लागते, आणि वेळीच कापली नाही तर सगळं झाडच गिळून बसते!

आपल्या देशात स्प्रूस बघायचा तर हिमाचलात जा. मनालीच्या, नारकंड्याच्या बाजूला देवदाराच्या सोबतीनं तो उभा असतो, तिकडचे लोक त्याला रई म्हणतात. ओळख पटवायची असली तर एक सुई चिमटीत धरून फिरवा. चौकोनी असल्यामुळं ती बोटांत सहज लोळते, आणि शेजारच्या फर झाडाची चपटी सुई लोळत नाही. शंकू फांदीवरून खाली लोंबत असले तर तो रईच, फरचे शंकू वर उभे राहतात. मग रस्त्याकडेच्या दोन-तीन मीटरच्या पोरसवदा झाडाच्या फांद्या बघा, आणि तिथंच मान वर करून त्याच्या आजाच्या बघा, तारेवाला माणूस आपल्या हातभर रोपात नेमकं काय आणू बघतो ते समोरच दिसेल.